बोध राहू दे, तुझं मत सांग!

गावातल्या वाचनालयातलं एखादं जुनं, खूप हातांतून फिरलेलं पुस्तक घ्या आणि थेट शेवटचं पान उघडा. गोष्ट संपते तिथं, खालच्या कोऱ्या जागेत पेन्सिलीनं काहीतरी खरडलेलं हमखास सापडतं. ‘छान कादंबरी.’ त्याखाली दुसऱ्या अक्षरात, ‘काही छान नाही. शेवट बोगस.’ त्याच्याही खाली तिसरा कुणीतरी, ‘ज्याला कळत नाही त्याने वाचू नये!’ पहिल्या पानावर ‘पुस्तकावर लिहू नये’ असा शिक्का असतो आणि शेवटच्या पानावर हे भांडण वर्षानुवर्षं चालू असतं. ना लाइक, ना फॉलोअर, ना लिहिणाऱ्याचं नाव. पण खोटं लिहायचं काही कारणच नसतं.

आता तुम्ही शाळेत लिहिलेला ‘माझे आवडते पुस्तक’ हा निबंध आठवा. त्यातलं खरं किती होतं?

माझं आधी सांगते, म्हणजे तुम्हाला कबूल करायला सोपं जाईल.

२०१५ साली डॉ. ए. पी. जे. अब्दुल कलाम यांचा जन्मदिवस, १५ ऑक्टोबर, आपल्या राज्यात पहिल्यांदा ‘वाचन प्रेरणा दिन’ म्हणून साजरा झाला. मी तेव्हा सातवीत होते. शाळेत ‘अग्निपंख’वर भाषण केलं. पुस्तक मी हातातही घेतलं नव्हतं. बाबांनी फुलस्केपवर दीड पान लिहून दिलं, मी ते तोंडपाठ केलं आणि शेवटी आवाज चढवून म्हणाले, ‘या पुस्तकातून आपल्याला मोठी स्वप्ने पाहण्याचा बोध मिळतो.’ टाळ्या. पहिला नंबर. बक्षीस कंपासपेटी.

पुढे मास कॉमला पुस्तक परीक्षणाची असाइनमेंट आली. मलपृष्ठ वाचलं, नेटवरचे तीन रिव्ह्यू वाचले, वाक्यं इकडची तिकडं केली. दहापैकी आठ! सबमिशनच्या आदल्या रात्री हे कुणी केलं नसेल, त्यानं हात वर करा.

आणि कहर गेल्या वर्षी झाला.

चार मिनिटांत एकशे ऐंशी शब्द

गेल्या वर्षी राज्यातल्या शाळांमध्ये ‘महावाचन उत्सव’ झाला. तिसरी ते बारावीच्या मुलांनी आवडीचं पुस्तक वाचायचं, त्याबद्दलचे आपले विचार १५० ते २०० शब्दांत लिहायचे, शिवाय एक मिनिटाची क्लिप करायची, असं त्याचं साधारण स्वरूप. खरंतर किती छान! लाखो मुलांना कुणीतरी विचारतंय, ‘बाळा, तुला काय वाटलं?’

तेव्हा मोडनिंबहून माझ्या चुलतभावाचा फोन आला. तो सहावीत होता. ‘ताई, तू पत्रकार हायस ना? मग मला दोनशे शब्द लिहून पाठव की. उद्या द्यायचंय.’ मी कोणतं पुस्तक म्हणून विचारलं, तर म्हणाला, ‘कुठलंबी चालंल.’

मी चार मिनिटांत १८० शब्द लिहून पाठवले. शेवटी बोध घातला. त्यानं सुंदर अक्षरात उतरवून काढलं. ते पुस्तक त्यानं वाचलं नव्हतं आणि मीही वाचलं नव्हतं. विचारलं होतं मुलांना, उत्तर दिलं ताईंनी. तुमच्याकडेही असा फोन आला असेल, आणि तुम्हीही ‘पाच मिनिटांत पाठवते’ म्हणाला असाल.

हे सगळं मी विसरूनही गेले असते. पण यंदा इंटर्नशिपला लागले आणि पहिल्याच आठवड्यात पुरवणीच्या ताईंनी एक पुस्तक हातात दिलं. दोन दिवसांनी विचारलं, ‘कसं वाटलं?’ मी सुरू झाले, लेखकाची शैली प्रवाही आहे, समाजाचं वास्तव चित्रण आहे... त्यांनी मध्येच थांबवलं. ‘ते मागच्या कव्हरवर आहे. तुला काय वाटलं?’

मला काहीच सुचेना. पुस्तक या वेळी खरंच वाचलं होतं, तरीही. मत द्यायची सवयच नव्हती. सातवीत जे भाषण पाठ केलं, तेच दहा वर्षं वेगवेगळ्या पुस्तकांवर करत आले होते. आणि आता तेच चुलतभावाला शिकवून बसले होते.

बोर आंबट निघालं तर?

म्हणून दिवाळीच्या सुट्टीत मोडनिंबला गेले, तेव्हा ठरवूनच गेले. सोलापूर-पुणे हायवेवरचं, माढा तालुक्यातलं हे आमचं गाव. येता-जाता तुमची एसटी तिथं थांबली असेल. काकांच्या ओट्यावर दुपारी मुलं गोळा केली. चुलतभाऊ, त्याचे दोन दोस्त, शेजारची आठवीतली एक मुलगी आणि तिची तिसरीतली बहीण. कपाटातली, दप्तरातली, शेजारपाजारची पुस्तकं मध्ये मांडली. ‘श्यामची आई’, ‘फास्टर फेणे’, ‘तोत्तोचान’, ‘किशोर’चे काही अंक. चार-पाच दिवस वाचायचं आणि मग बोलायला बसायचं, एवढाच करार. न वाचता आलं तरी चालेल, पण मग ‘वाचलं नाही’ असं सांगायचं.

पहिली बैठक साफ पडली. मी पत्रकाराच्या थाटात मोबाईलवर रेकॉर्डिंग सुरू केलं आणि म्हटलं, ‘बोला, पुस्तक कसं वाटलं?’ पाचही जण ताठ बसले. चुलतभावानं हात मागे बांधले आणि पुस्तकी सुरात, ‘या पुस्तकातून आपल्याला असा बोध मिळतो की...’

ते ऐकून मला माझी कंपासपेटी आठवली.

मोबाईल खिशात टाकला. म्हटलं, ‘बाजारात बोरं घ्यायला गेल्यावर काय करता?’ मोडनिंबच्या मुलांना हा काय प्रश्न झाला! हंगामात इथल्या बाजारात बोरांचीच चर्चा असते. ‘आधी एक खाऊन बघतो,’ एकजण म्हणाला. ‘आणि आंबट निघालं तर?’ ‘तर आंबट हाय म्हणायचं!’ ‘समोर विकणारा असला तरी?’ ‘मग! पैसे आपलं हायेत.’

मी म्हटलं, ‘मग पुस्तकाचंही तसंच सांगा. वेळ तुमचा गेलाय.’

दुसरी गोष्ट मी एडन चेंबर्स या ब्रिटिश लेखकाकडून उचलली. हे स्वतः शिक्षक होते. मुलांशी पुस्तकांबद्दल कसं बोलावं यावर त्यांचं ‘टेल मी’ नावाचं पुस्तक १९९३ साली आलं. त्यांची पद्धत फार साधी आहे. मुलांना चारच गोष्टी विचारायच्या: काय आवडलं? काय नाही आवडलं? काय कळलं नाही, कुठं कोडं पडलं? आणि वाचताना दुसरं काय आठवलं, कशाशी काही जुळलं का? मुख्य म्हणजे ‘का?’ असं विचारायचं नाही. ‘का’ म्हटलं की मूल परीक्षेला बसतं आणि गप्प होतं. त्याऐवजी म्हणायचं, ‘सांग ना.’

मग जे सुरू झालं, ते मला आवरेना.

फास्टर फेणे आमच्याकडं का नाही आला?

चुलतभावाला भा. रा. भागवतांचा फास्टर फेणे आवडला, पण त्याची तक्रार होती. फेणे फुरसुंगीचा. फुरसुंगी हडपसरजवळ. हडपसर म्हणजे आमच्याच सोलापूर रोडवर. ‘मग तो सायकल घेऊन एकदापण मोडनिंबला का नाही आला? एवढा फास्टर हाय तर!’ सगळे हसले. पण विचार करा, आपण वाचलेल्या किती गोष्टींत आपलं गाव होतं? सातवीतल्या पोराला ते जाणवलं होतं. मला समीक्षेच्या पेपरात हेच पंधरा मार्कांना होतं.

तिसरीतल्या छोटीला ‘किशोर’मधली चित्रं आवडली आणि एका गोष्टीतलं एक पान अजिबात कळलं नाही. ते तिनं अभिमानानं सांगितलं. ‘कळलं नाही’ हेही मत असतं, हे तिच्या आधी आम्हाला कुणालाच सुचलं नव्हतं.

एका दोस्ताचं म्हणणं, ‘तोत्तोचान’ सगळं खोटं आहे. ‘रेल्वेच्या डब्यात शाळा? काहीपण!’ मोडनिंबला रेल्वे स्टेशन आहे, त्याला डबा चांगला माहीत आहे. मी सांगितलं की ती शाळा खरंच होती. टोकियोत, ‘तोमोए’ नावाची. जुन्या डब्यांत वर्ग भरायचे आणि युद्धात १९४५ साली बॉम्बहल्ल्यात ती जळाली. तो बराच वेळ गप्प बसला. मग म्हणाला, ‘मग शेवट मला नाही आवडला. पण खोटा न्हाई, म्हणून नाही आवडला.’

हे वाक्य मी वहीत जसंच्या तसं उतरवलंय.

‘गुरुजींच्या पुस्तकाला नावं ठेवता व्हय?’

खरी ठिणगी पडली ती ‘श्यामची आई’वरून. आठवीतली मुलगी म्हणाली, ‘श्याम पोहायला घाबरतो, लपून बसतो, आणि आई त्याला मारत बाहेर काढते. मला ते नाही आवडलं. भीती वाटणं काय गुन्हा हाय का?’

चुलतभाऊ उसळला. ‘आगं, पण नंतर तिलाच वाईट वाटलं की! आन् शिकला का न्हाई तो पोहायला?’

‘शिकला. पण मारल्यामुळंच शिकला कशावरून? माझ्या दादानं मला पाठीला डबा बांधून विहिरीत सोडलं. मारलं नाही. मीपण शिकले.’

इतका वेळ ओट्याच्या टोकाला पेपर वाचत बसलेले आबा, म्हणजे माझे आजोबा, तिथूनच गरजले, ‘गुरुजींच्या पुस्तकाला नावं ठेवता व्हय रं?’

एका क्षणात सगळे पुन्हा ताठ. मुलीनं पुस्तक मिटलं आणि आमची बैठक तिथंच संपणार असं वाटलं. मला पटकन चुलतभावाचा तो दोनशे शब्दांचा कागद आठवला. मोठ्यांना आवडेल तेवढंच बोलायचं, हे मुलं अशा क्षणी शिकतात. त्यानंतर ती खोटं बोलत नाहीत, पण खरंही बोलत नाहीत. ‘बोध मिळतो’ म्हणून मोकळी होतात.

मी धीर करून म्हटलं, ‘आबा, १९४७ च्या मे महिन्यात साने गुरुजी पंढरपूरला उपोषणाला बसले होते. विठ्ठलाचं मंदिर हरिजनांना खुलं व्हावं म्हणून. शेकडो वर्षं चालत आलेल्या रिवाजाला त्यांनी “हे मला पटत नाही” म्हटलं. त्यांना हिचा प्रश्न खटकला असता का?’

पंढरपूर आमच्यापासून जवळच. आबांच्या कैक वाऱ्या झाल्यात. ते काही बोलले नाहीत. पेपरची घडी घातली, चष्मा काढून पुसला. मग त्या मुलीकडं बघत म्हणाले, ‘मलाबी ल्हानपणी ते मारल्यालं पटलं नव्हतं. पण इचारलंच न्हाई कुणी.’

सत्तरी ओलांडलेल्या माणसाचं एका पुस्तकाबद्दलचं मत इतकी वर्षं मनातच राहिलं होतं. आणि गंमत म्हणजे, त्या दिवशी संध्याकाळी ‘श्यामची आई’ पुन्हा वाचायला त्या मुलीनंच घरी नेलं. ज्याच्याशी भांडता येतं, ते पुस्तक आपलं होतं. ज्याला नुसता नमस्कार करायचा, ते कपाटात राहतं.

एका शिलिंगाची गोष्ट

तुम्ही म्हणाल, पोरांच्या मतांना एवढी काय किंमत? एका प्रसिद्ध मताची किंमत सांगते: एक शिलिंग.

१९३६ साली लंडनचे प्रकाशक स्टॅन्ली अनविन यांच्याकडं एका प्राध्यापकानं लिहिलेली मुलांची गोष्ट आली. अनविन म्हणायचे, मुलांच्या पुस्तकाची परीक्षा मुलंच करू शकतात. म्हणून त्यांनी ते टाइप केलेलं बाड आपल्या दहा वर्षांच्या मुलाला, रेनरला वाचायला दिलं. लेखी अभिप्रायाचे त्याला एक शिलिंग मिळायचं. रेनरनं छोटासा अभिप्राय लिहिला, स्पेलिंगच्या चुकांसकट. गोष्ट चांगली आहे आणि पाच ते नऊ वर्षांच्या मुलांना आवडेल, असं त्याचं मत पडलं. स्वतः दहाचा, म्हणजे मोठाच की! पुस्तक १९३७ साली आलं. लेखक जे. आर. आर. टॉल्किन, पुस्तक ‘द हॉबिट’. पुढं हाच रेनर प्रकाशक झाला आणि ‘द लॉर्ड ऑफ द रिंग्ज’ छापलं जावं म्हणून तोच ठाम उभा राहिला.

हॅरी पॉटरचंही तेच. अनेक प्रकाशकांनी नाकारलेल्या त्या हस्तलिखिताची सुरुवात ब्लूम्सबरीच्या प्रमुखांनी आठ वर्षांच्या मुलीला वाचायला दिली. ती पुढचं मागत राहिली. बाकीचं तुम्हाला माहीतच आहे.

या दोन्ही घरांत मुलांना ‘बोध काय?’ असं कुणी विचारलं नव्हतं. आवडलं का, एवढंच विचारलं होतं, आणि पोरांच्या उत्तरावर मोठ्यांनी पैसे लावले होते.

तुम्ही काय करू शकता?

आपण कॉलेजवाले मधले आहोत. मुलांना आपण शिक्षकांसारखे वाटत नाही आणि आई-बाबांसारखेही नाही. म्हणून ती आपल्यापाशी खरं बोलतात. घरात, गल्लीत, होस्टेलच्या मेसवाल्या मावशींची, अशी दोन-चार मुलं प्रत्येकाच्या ओळखीची असतातच. पुढच्या रविवारी एवढं करून बघा:

• लिहून देऊ नका. ‘ताई, दोनशे शब्द’ असा फोन आला तर म्हणा, ‘तू बोल, मी ऐकते. मग तूच लिही.’

• चार प्रश्न लक्षात ठेवा. आवडलं, नावडलं, कळलं नाही, काय आठवलं. ‘का’ आणि ‘बोध’ हे दोन शब्द घराबाहेर ठेवा.

• अर्धवट सोडू द्या. दानिएल पेनाक या फ्रेंच लेखकानं वाचकाचे दहा हक्क सांगितलेत. त्यात पानं गाळण्याचा, पुस्तक पूर्ण न करण्याचा, इतकंच काय न वाचण्याचाही हक्क आहे. ‘वीस पानांत कंटाळा आला’ हे पूर्ण आणि प्रामाणिक मत आहे.

• पुस्तकं नाहीत ही सबब नको. ‘बालभारती’चं ‘किशोर’ मासिक १९७१ पासून निघतंय आणि त्याचे जुने अंक ऑनलाइन फुकट वाचता येतात. ‘प्रथम बुक्स’च्या ‘स्टोरीवीव्हर’वर मराठी गोष्टी मोफत आहेत. तुमचा डेटा एका रीलऐवजी तिथं खर्च करा.

• आधी स्वतःचं खरं मत सांगा. मुलं लगेच ओळखतात.

मी वाचलेलं ‘अग्निपंख’

हा शेवटचा मुद्दा मला महागात पडला. निघायच्या आदल्या दिवशी चुलतभावानं विचारलं, ‘ताई, तू बोल की आता. ते अग्निपंख कसं हाय?’ घरात माझ्या त्या पहिल्या नंबराची गोष्ट अजून सांगतात ना!

पाच पोरं आणि आबा माझ्याकडं बघत होते. मी म्हटलं, ‘मी ते वाचलेलं नाही.’

चुलतभाऊ दोन सेकंद माझ्याकडं बघत राहिला. मग म्हणाला, ‘मीपण ते गेल्या वर्षीचं पुस्तक वाचलं नव्हतं.’ आम्ही दोघं खूप हसलो. आणि त्यानं मला अट घातली, पुढच्या वेळी वाचून यायचं.

सध्या वाचतेय. रॉकेटच्या तांत्रिक भागात मी अडखळले. दोन ठिकाणी पानं गाळलीत, पेनाकच्या हक्कानं. पण सुरुवातीला एक प्रसंग आहे. युद्धाच्या काळात रामेश्वरमला गाडी थांबेनाशी झाली, तेव्हा धावत्या गाडीतून वर्तमानपत्रांचे गठ्ठे खाली टाकायचे. ते झेलायच्या कामात लहानग्या कलामांनी चुलतभावाला मदत केली आणि त्यातून त्यांची आयुष्यातली पहिली कमाई झाली.

मी आत्ता वर्तमानपत्राच्या ऑफिसात बसून हे लिहितेय. माझीही पहिली कमाई इथंच होणार आहे. बाबांच्या त्या दीड पानात हा प्रसंग नव्हता. बोध होता.

चुलतभावाला हे फोनवर सांगितलं, तर त्यानं विचारलं, ‘मग आवडलं का?’

म्हटलं, ‘निम्मं आवडलं. निम्मं राहिलंय.’

‘चालंल,’ तो म्हणाला. ‘पण राहिलेलं गाळू नको सगळं.’